मेडिकल कोडिंगमध्ये नवीन आहात? आधी ‘मायलो’ नीट समजून घ्या

मेडिकल कोडिंग म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून त्यातल्या आजारांना आणि उपचारांना ठरलेले कोड लावायचं काम. त्याच्या क्लासला गेलात की पहिल्याच आठवड्यात हातात शब्दमूळांची एक यादी पडते. कार्डिओ म्हणजे हृदय, हेपॅटो म्हणजे यकृत, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, आयटिस म्हणजे दाह, एक्टमी म्हणजे कापून काढणं. शब्द तोडा, अर्थ जोडा, कोड लावा. बीएस्सी, बीफार्म, बीएएमएस, नर्सिंग, कुठूनही आलेले असा, हे पटकन जमतं आणि सरावाच्या प्रश्नांत मार्कही चांगले पडतात. मग अमेरिकेतल्या एखाद्या पेशंटचा खराखुरा चार्ट, म्हणजे नोंदींची फाइल, समोर येतो, पानंच्या पानं, आणि ती यादी कमी पडायला लागते.

मी मराठी माध्यमातली. पुढे बीएस्सी झूलॉजी, मग हे क्षेत्र. लांबलचक इंग्रजी शब्द पाहून पोटात गोळा येणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. तरीही स्पष्ट सांगते, शब्द लांब असल्यामुळे कुणी अडकत नाही. यादीत प्रत्येक शब्दमूळापुढे एकच अर्थ छापलेला असतो, अडकवतो तो. मला सगळ्यात जास्त दमवलं ते ‘मायलो’नं, म्हणून त्याच्यावर जरा जास्त वेळ घालवते. कंटाळा आला तरी वाचा.

मूळ ग्रीक शब्द ‘मायेलॉस’, म्हणजे मज्जा. जुन्या काळी शरीर उघडून पाहणाऱ्यांना लांब हाडांच्या पोकळीत मऊ गर सापडला आणि पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतही मऊ, पांढरट दोरी सापडली. दोन्ही गोष्टी हाडाच्या आतल्या आणि मऊ, तेव्हा दोन्हींना नाव एकच पडलं. लॅटिनमध्येही ‘मेड्युला’ दोन्हीकडे चालतो. आणि आपल्याकडे बघा: अस्थिमज्जा हाडातली, तर मज्जारज्जू पाठीतला. मज्जातंतू, मज्जासंस्था हे शब्द आपण घरी-दारी वापरतो, त्यात हाडाचा काही संबंध नसतो. मराठी माध्यमाचा इथे थेट फायदा आहे. जो घोळ इंग्रजीत शिकलेल्याला नव्यानं समजावून घ्यावा लागतो, तो आपल्या भाषेत आधीपासून आहे. फक्त तो घोळ आहे हे लक्षात आलं पाहिजे.

आता शब्द लावून पाहा. मायलोमा, मायलॉइड ल्युकेमिया, मायलोसप्रेशन हे सगळे हाडातल्या मज्जेचे. मायलोपथी, ट्रान्सव्हर्स मायलायटिस, मायलोमेनिंगोसील हे मज्जारज्जूचे. ऑस्टिओमायलायटिसमध्ये ‘ऑस्टिओ’ आधीच हाड सांगून मोकळा होतो. पोलिओमायलायटिसमधला ‘पोलिओस’ म्हणजे करडा, म्हणून तो मज्जारज्जूच्या करड्या भागाचा दाह. शेवट दोघांचाही मायलायटिसच, पण आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या आजारांच्या कोड-यादीत पहिला ‘एम’नं सुरू होणाऱ्या कोडांत बसतो आणि दुसरा ‘ए’च्या. शिवाय मायलिन आहेच. तो शब्द रुडॉल्फ फिरखॉनं १८५४ मध्ये याच मुळावरून घडवला, आणि तो ना हाडातली मज्जा ना मज्जारज्जू, तर मज्जातंतूंवरचं आवरण. डीमायलिनेटिंग (हे आवरण नष्ट करणारा आजार) असं वाचून रक्ताच्या धड्यात कोड शोधत बसू नका.

चार्टमध्ये हे कसं येतं? समजा, स्तनाचा कर्करोग मणक्यात पसरलेली पेशंट आहे. ऑन्कॉलॉजिस्टच्या नोंदीत लिहिलंय, केमोमुळे मायलोसप्रेशन, पांढऱ्या पेशी घसरल्या. दोन पानं पुढे न्यूरोवाल्यांची नोंद: थोरॅसिक मायलोपथी, दोन्ही पायांतली ताकद कमी. पेशंट एकच, शब्दमूळ एकच. पण पहिली गोष्ट रक्ताच्या ‘डी’ कोडांकडे नेते आणि दुसरी मज्जासंस्थेच्या ‘जी’ कोडांकडे. यादीतला एकच अर्थ डोक्यात धरून बसलात तर दोन्हींपैकी एक हमखास चुकतं.

त्याहून वाईट म्हणजे ‘मायलोग्राम’. रेडिओलॉजीत त्याचा अर्थ पाठीच्या पोकळीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमेत उठून दिसणारं औषध, सोडून काढलेली प्रतिमा. रक्तविज्ञानात त्याचा अर्थ हाडातली मज्जा सुईनं काढून केलेली पेशींची मोजणी. इथे शब्द कितीही तोडला तरी उत्तर मिळत नाही. नोंद कुठल्या विभागाची आहे आणि सुई कुठे घातली, हे पाहायचं. काही आत सोडलं असेल तर पाठ, काही बाहेर काढलं असेल तर हाड. त्यातूनही कळत नसेल तर अंदाज बांधायचा नाही. चार्ट होल्डवर टाका आणि क्वेरी करा, म्हणजे नोंद लिहिणाऱ्या डॉक्टरलाच विचारा.

मज्जेचा नमुना बहुतेक वेळा कमरेच्या रुंद हाडातून, इलियममधून घेतात. आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, ज्याला मराठी पुस्तकं शेषांत्र म्हणतात, तोही इलियमच! देवनागरीत दोन्ही अगदी सारखे दिसतात. इंग्रजीत फरक एका अक्षराचा: हाडात एलनंतर आय, आतड्यात एलनंतर ई. हाडाचं फ्रॅक्चर ‘एस ३२.३’मध्ये जातं, आतड्याचे बहुतेक आजार ‘के’मध्ये. डिस्फेजिया आणि डिस्फेझियाचंही तसंच. ग्रीक ‘फागेइन’ म्हणजे खाणं, म्हणून पहिल्यात गिळायला त्रास. ‘फासिस’ म्हणजे बोलणं, म्हणून दुसऱ्यात भाषेची अडचण. स्ट्रोकच्या पेशंटला हे दोन्ही एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे डॉक्टरचं टायपिंग चुकलं असेल असं मनानं ठरवू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘५०० मेडिकल टर्म्स’ची पीडीएफ पाठ करून काही होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाकून वर आलेला पहिला कोड उचलणं तर त्याहून वाईट, कारण ते काही दिवस खपून जातं आणि मग क्यूए, म्हणजे काम तपासणारा, एकदम दहा चार्ट परत पाठवतो. आणि शंभर टक्के नोकरीची हमी देऊन आधी पैसे मागणारे क्लास सरळ टाळा.

मेंटॉर निवडायचा असेल तर असा निवडा, जो उत्तर सांगण्याआधी ‘नोंद मोठ्यानं वाच’ म्हणतो. पटापट कोड सांगणारा सीनिअर आवडतो सगळ्यांनाच, मलाही आवडायचा. पण त्याच्या शेजारी सहा महिने बसून तुमचं डोकं चालत नाही, त्याचंच चालतं.

घाबरू मात्र नका. सगळी ग्रीक-लॅटिन शिकायची नाहीये. खरोखर दगा देणारी शब्दमूळं मोजकीच आहेत, आणि ती एकदा नीट कळली की पुन्हा फसवत नाहीत. बाकीची तर गोडी लागावी अशी आहेत. डोळ्याच्या ‘प्युपिल’चं मूळ लॅटिन ‘प्युपिला’, म्हणजे छोटी बाहुली, आणि आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो. ‘कॅन्सर’ म्हणजे खेकडा, आपला कर्कही खेकडाच. ग्रीकांचा धमनीसाठीचा ‘आर्टेरिया’ हा शब्द श्वासनलिकेलाही लागायचा, कारण मेलेल्या शरीरात धमन्या रिकाम्या दिसत आणि त्यांतून हवा वाहते असं मानलं जाई. आपल्या ‘धमनी’तही ‘ध्मा’ म्हणजे फुंकणं आहे. हे असं कळलं की शब्द परका वाटेनासा होतो.

सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेला १०० प्रश्न आणि ४ तास असतात. कोडची पुस्तकं सोबत चालतात आणि रोजच्या कामाला लागणाऱ्या हातानं लिहिलेल्या टिपाही त्यांत चालतात. इंडेक्समध्ये ‘मायलो’ जिथे जिथे येतं तिथे शेजारी पेन्सिलनं ‘हाड’ किंवा ‘पाठ’ लिहून ठेवा. पुस्तक जुनं वापरू नका, आयसीडी-१०-सीएमचे बदल दर वर्षी १ ऑक्टोबरला लागू होतात. नोकरीत सुरुवातीला टार्गेट पूर्ण होणार नाही आणि टीएल (टीम लीडर) बोलेल. बोलू दे. बहुतेक ठिकाणी ९५ टक्के अचूकता मागतात, तेव्हा आधी ती सांभाळा आणि चार्टची संख्या नंतर वाढवा.