समुद्रातल्या पवनचक्कीवर जायचंय? सुरक्षा प्रशिक्षण असं पार पाडा

चाळकेवाडीच्या पठारावर दोन-चार वर्षं पवनचक्क्यांची देखभाल केलेल्या पोराला टॉवरच्या शिडीचं कौतुक उरलेलं नसतं. दुपारचा डबा खाऊन परत वर चढणारी माणसं तिथे रोज दिसतात. समुद्रातल्या चक्कीची गंमत वेगळी. तिथे पहिलं पाऊल टाकता ती जागाच वरखाली होत असते आणि समोरची शिडी खारट पाण्याने बुळबुळीत झालेली असते. मी साताऱ्याहून उत्तर समुद्रावर गेलो तेव्हा उंचीची भीती केव्हाच मेली होती. घाबरलो तो बोटीला.

गावाकडून अधूनमधून फोन येतो, "दादा, तो ऑफशोअरचा कोर्स कुठून करायचा?" कुठून हा प्रश्न शेवटचा. त्याच्या आधीचं क्रमाने सांगतो.

पायरी १: कोर्स म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

पवनचक्की बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून २०१२ साली ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन, म्हणजे जीडब्ल्यूओ, ही संस्था काढली. तोवर प्रत्येक कंपनीचं प्रशिक्षण वेगळं होतं आणि कंपनी बदलली की माणूस तेच धडे पुन्हा गिरवायचा. आता मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण सगळीकडे एकाच साच्याचं आहे. त्यात पाच भाग आहेत: प्रथमोपचार, ओझं उचलणं, आगीची जाणीव, उंचीवरचं काम आणि समुद्रात जीव वाचवणं. जमिनीवरच्या चक्क्यांसाठी पहिले चार पुरतात, समुद्रासाठी पाचवा लागतो. साताऱ्यात किंवा धुळ्यात पहिले चार केलेले असतील आणि त्यांची मुदत शिल्लक असेल, तर फक्त पाचवा करायचा. सगळं पुन्हा करा म्हणणाऱ्याला कारण विचारा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जहाजावर काम केलेली मुलं एसटीसीडब्ल्यूचं प्रमाणपत्र दाखवतात. ते जहाजासाठी आहे. बोटीवरून टर्बाइनवर चढणं-उतरणं त्यात येत नाही, म्हणून त्यावर हा पाचवा भाग सुटत नाही.

आपल्या देशाचंही स्पष्ट सांगतो. समुद्री पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण २०१५ साली आलं. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, त्यात गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत ५००-५०० मेगावॉट धरले आहेत. चक्क्या मात्र अजून पाण्यात उभ्या राहिलेल्या नाहीत. डेन्मार्कने विंडेबीला पहिली ११ टर्बाइनं १९९१ मध्येच समुद्रात उभी केली आणि २०१७ मध्ये आयुष्य संपलं म्हणून काढूनही टाकली. तेव्हा आजचं काम म्हणजे बहुतकरून परदेशातलं काम, हे धरूनच पैसे खर्च करा.

पायरी २: विंडा क्रमांक काढा

जीडब्ल्यूओच्या नोंदवहीचं नाव विंडा. तिथे स्वतःचं खातं उघडलं की एक क्रमांक मिळतो. कोर्स पास झाल्यावर केंद्र त्याच क्रमांकावर नोंद चढवतं आणि कंपनी ती तिथेच तपासते. भिंतीवर लावायला छापील कागद मिळालाच तर तो आईसाठी ठेवा. खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. माझ्या ओळखीतल्या एकाचं खातं एजंटाने आपल्या ईमेलवर उघडलं होतं. दोघांचं बिनसलं आणि पोरगा स्वतःच्याच नोंदी बघायला त्याच्या विनवण्या करत बसला.

एजंटाचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. या कोर्सने नोकरी मिळत नाही. नोकरीसाठी उभं राहायची परवानगी मिळते, इतकंच. 'कोर्स करा, ब्रिटनमध्ये जागा पक्की' असं कुणी म्हणालं, तर व्हिसा कोणता ते विचारा. ब्रिटनने समुद्री पवनऊर्जेच्या कामगारांना दिलेली व्हिसाची जुनी सवलत एप्रिल २०२३ अखेर बंद झाली. ती अजून चालू आहे असं सांगणारे भेटतात.

पायरी ३: तब्येत आणि केंद्र

केंद्र तुमच्याकडून तब्येतीचं लेखी निवेदन घेतं. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, चक्कर, मधुमेह, जुनी पाठदुखी, खांदा निखळणं, काहीही लपवू नका. लपवलेला खांदा तलावातल्या तराफ्यावर चढताना बरोबर निखळतो. कंपनीची वैद्यकीय तपासणी पुढे वेगळी होते. वजनही पाहून घ्या: हार्नेसवर, म्हणजे अंगाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांवर, कमाल वजन छापलेलं असतं आणि त्यात तुमचे बूट, कपडे, हत्यारं सगळं धरलेलं असतं.

केंद्राची मान्यता जीडब्ल्यूओच्या संकेतस्थळावर तपासा, तीसुद्धा भागवार. उंचीच्या कामाची मान्यता आहे म्हणून समुद्राचीही असेल असं नाही. जमलं तर जाऊन बघा. तलाव कुठे आहे, उडी मारायला उंची किती, हार्नेसवर तपासणीची तारीख दिसते का. तारखेचं लेबल फाटलेला हार्नेस टांगलेला दिसला, तर चहा घ्या आणि परत या.

सगळं मिळून साधारण आठवडा जातो. त्या आठवड्यात संकष्टी आली तर उपास पुढच्या महिन्यावर टाका. रिकाम्या पोटी हार्नेसमध्ये लोंबकळणं बाप्पालाही आवडणार नाही.

पायरी ४: पहिले तीन भाग

ओझं उचलणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा. पाठ जाते ती अवजड वस्तूने क्वचित. दिवसात वीसदा वाकून उचललेल्या छोट्या पेटीने जाते.

प्रथमोपचारात सीपीआर घोटून घेतात: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबेपर्यंत. दोन मिनिटांत घाम फुटतो. बाहुल्यावर हात चालवताना लक्षात ठेवा की हे शहर नाही. यॉर्कशरपासून ८९ किलोमीटर आत हॉर्नसी-२ प्रकल्पाची १६५ टर्बाइनं उभी आहेत, तिथे रुग्णवाहिका म्हणजे हेलिकॉप्टर किंवा बोट. ती येईपर्यंत डॉक्टर तुम्हीच.

आगीच्या भागात विझवणं शिकवतात, पण त्यातला खरा धडा पळण्याचा आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या ऊल्टगेन्सप्लाट इथे टर्बाइनला आग लागली आणि वर अडकलेले दोन तरुण तंत्रज्ञ गेले. चक्की जमिनीवरची होती, तरी वाट तुटली. म्हणून नॅसेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या टोकावरच्या यंत्रांच्या खोलीत, पोचल्यावर पहिलं काम हत्यारं काढण्याचं नाही. उतरण्याचं उपकरण कुठे आहे, हॅच कोणता, तो उघडतो का, हे आधी बघायचं. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर वापरताना नळकांड्याला उघडा हात लावू नका, कातडी गोठते. बंद खोलीत तो वायू आगीइतकाच तुमचाही श्वास घेतो, हे प्रशिक्षक सांगेलच. तिथे नीट ऐका.

पायरी ५: उंचीवरचं काम

पठारावरच्या जुन्या माणसांची खोड इथे जिरते. प्रत्येक जण म्हणतो, मला हार्नेस घालता येतो. मग प्रशिक्षक मांडीच्या पट्ट्यात बोटं घालून बघतो आणि अर्ध्या जणांचे पट्टे सैल निघतात. सपाट तळवा आत जावा, मूठ जाऊ नये. जोडीदाराने तुमचा हार्नेस तपासायचा, तुम्ही त्याचा, बोलून, बोट लावून. लाजू नका. मोठ्याने बोलून तपासणारा माणूस प्रशिक्षकाच्या डोळ्यांत भरतो.

दोन टोकांचा लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेला हूकांचा दोर, वापरताना एक हूक सुटण्याआधी दुसरा लागलेला असतो, कायम. हे हाताला इतकं मुरलं पाहिजे की गप्पा मारतानाही चुकू नये. दुसरी गोष्ट म्हणजे पडायला लागणारी मोकळी जागा. हिशेब एकदा स्वतः करा. लॅनयार्ड २ मीटर, धक्का शोषणारी पट्टी पूर्ण उलगडली तर १.७५ मीटर, हार्नेसच्या कडीपासून तळपायापर्यंत साधारण दीड मीटर, आणि राखीव १ मीटर. झाले सव्वासहा मीटर. हूक अडकवला त्या जागेच्या खाली चार मीटरवर फलाट असेल, तर तो लॅनयार्ड तुम्हाला अडवायच्या आधी फलाटच अडवेल. अशा जागी आखूड जोडणी किंवा आपोआप गुंडाळणारा पट्टा लागतो.

पडलेला माणूस लोंबकळत राहिला की पायांत रक्त साचतं आणि तो शुद्ध हरपू शकतो. म्हणून हार्नेसला पाय टेकवण्याचा पट्टा असतो, तो उघडून उभं राहायला शिका. सुटकेचा सराव करताना घाईने दोर सोडणाऱ्यापेक्षा शांतपणे आधी वजन कोणत्या दोरावर आहे ते बघणारा लवकर पास होतो.

पायरी ६: समुद्र

कृष्णेच्या डोहात उड्या मारून वाढलेल्या पोरांना वाटतं, हा भाग आपला. बहुतेक केंद्रं पोहता येण्याची अटही घालत नाहीत, आणि गंमत म्हणजे पट्टीचा पोहणारा इथे जास्त दमतो. हवेने भरलेलं लाइफ जॅकेट घालून छातीवर पोहता येत नाही. पाठीवर पडायचं, हातांनी सावकाश मागे रेटायचं.

पाणी आत येऊ न देणारा सूट घालायच्या आदल्या रात्री नखं कापा. गळ्याचं आणि मनगटाचं रबर नखाने फाटतं, आणि फाटलेला सूट म्हणजे पाण्याची पिशवी. सूटची चेन ओढल्यावर गळ्याचं रबर बोटाने जरा दूर धरून खाली उकिडवं बसायचं, म्हणजे आतली हवा फुस्स करून बाहेर जाते. हे केलं नाही तर हवा पायांत जमते आणि पाण्यात पाय वर, डोकं खाली. आमच्या तुकडीतला एक जण असाच उलटा तरंगला. प्रशिक्षकाने हसत हसत सरळ केला, पण पोराचा चेहरा पांढरा पडला होता.

उडीची पद्धत ठरलेली आहे. एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्याने जॅकेट आवळून धरायचं, खाली पाणी बघायचं नाही, समोर बघून एक पाऊल पुढे टाकायचं. खाली बघितलं की शरीर पुढे झुकतं आणि तोंडावर आपटतं.

थंड पाण्यासाठी एक-दहा-एक हा ठोकताळा शिकवतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला: गार पाण्याने दचकून माणूस धापा टाकतो आणि त्यातच पाणी गिळतो. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, जे करायचं ते तेवढ्यात. मग थंडीने शुद्ध जायला साधारण एक तास. उत्तर समुद्राचं हिवाळ्यातलं पाणी अरबी समुद्रासारखं समजू नका. एकटे असाल तर गुडघे छातीशी घ्या, अनेक असाल तर एकमेकांना बिलगा.

उलटा झालेला तराफा सरळ करायचा सराव सगळ्यांना धाकधूक लावतो. तराफा फुगवणाऱ्या सिलिंडरच्या बाजूला चढायचं, तळाचा पट्टा धरायचा आणि मागे झुकायचं. तराफा सरळ होताना तुमच्याच अंगावर येतो. तळ मऊ असतो, हाताने वर रेटून श्वासापुरती जागा करा आणि पाठीवरच बाहेर सरका. एकदा केलं की भीती जाते.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे बोटीवरून शिडीवर जाणं. बोट आपलं नाक दोन उभ्या नळ्यांवर दाबून धरते, मधे शिडी. लाट वर येऊन क्षणभर ठरते तेव्हा पाऊल टाकायचं, उतरत्या लाटेवर कधीच नाही. पाठीवर पिशवी नको, हात दोन्ही मोकळे. हूक कोणत्या क्षणी लावायचा आणि काढायचा ते डेकहँड, म्हणजे बोटीवरचा खलाशी, सांगतो. तो सांगेल तेच, तुमचं पठारावरचं शहाणपण तिथे चालवायचं नाही. आणि पाऊल टाकावंसं वाटत नसेल तर 'नको' म्हणा. मी एकदा म्हणालो होतो. बोट मागे घेतली, दहा मिनिटांनी पुन्हा लावली, कोणी चकार शब्द काढला नाही.

पायरी ७: कोर्स झाल्यावर

आठवड्याभरात विंडावर पाचही नोंदी चढल्या का ते बघा, राहिली असेल तर केंद्राच्या मागे लागा. नावातलं एक अक्षर चुकलं तरी लगेच दुरुस्त करून घ्या. हेलिकॉप्टरने जायचं असेल तर पाण्याखाली हेलिकॉप्टरमधून सुटण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, या पाचात ते नाही. कंपनी पुढे प्रगत सुटका, तांत्रिक प्रशिक्षण असे कोर्स मागेल, पण ते आधीच स्वखर्चाने करू नका. बऱ्याचदा कंपनीच पाठवते.

प्रत्येक भागाची मुदत २४ महिने. ती संपायच्या आत उजळणीचा छोटा कोर्स करता येतो. शेवटच्या दोन महिन्यांत केला, तर नवी मुदत जुनी संपते त्या तारखेपासूनच मोजतात, तुमचा एक दिवसही वाया जात नाही. मुदत एका दिवसाने उलटली तरी पुन्हा पूर्ण कोर्स आणि पूर्ण पैसे. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये बाविसाव्या महिन्यावर आजच खूण करून ठेवा, पाचही भागांची वेगवेगळी.