सात किलोत दहा दिवस राजस्थान, तेही रोज नटून

जानेवारीत राजस्थान ठरलं की मैत्रिणींचे नाहीतर मावसबहिणींचे फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच, कपडे काय नेऊ गं, दुपारी म्हणे ऊन लागतं आणि रात्री दात वाजतात. दोन्ही खरं आहे. जैसलमेरला दुपारी 23-24 डिग्री असतं आणि पहाटे 7-8, कधी अजून खाली. मग होतं काय, माणूस दोन्ही ऋतूंचे कपडे भरतो आणि बॅग 18 किलोची होते. माझी पहिल्या वेळी झाली होती. जैसलमेरच्या किल्ल्यात आजही लोक राहतात, दुकानं आहेत, छोटी गेस्ट हाऊसेस आहेत, तशाच एका जुन्या घरात आम्ही उतरलो होतो, गल्ली अरुंद, खाली दगडी फरशी, त्यावर बॅगेची चाकं धड फिरेनात आणि आत जिना इतका चिंचोळा की मी पुढून ओढतेय आणि नवरा खालून ढकलतोय. आणि त्या 18 किलोतलं अर्धं अंगाला लागलंही नाही. त्यानंतर दोनदा गेले, दोन्ही वेळा एकच केबिन बॅग घेऊन, आणि फोटो उलट जास्त चांगले आलेत. ते कसं केलं ते सगळं इथे लिहितेय, बायकांचं जास्त आहे पण पुरुषांचंही आहे शेवटाकडे.

आधी बॅगेचंच वजन करा

आपल्याकडे देशातल्या विमानात इकॉनॉमीला हातातल्या बॅगेला साधारण 7 किलो चालतात आणि त्यात बॅगेचं स्वतःचं वजनही धरतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. माझी कडक ट्रॉली रिकामी 2 किलो 300 ग्रॅम भरली, म्हणजे एक कपडा ठेवायच्या आधी एक तृतीयांश गेलं की. मऊ कापडाची पाठीवरची बॅग 900 ग्रॅम. मी तीच नेते, किल्ल्याच्या चढावर दोन्ही हात मोकळे राहतात हा वेगळाच फायदा.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि एकेक कपडा त्यावर ठेवून बघा. खरंच करा हे, अंदाजाने कळत नाही. माझी एक जीन्स 650 ग्रॅम आणि लिननची पँट 350. जाडजूड स्वेटर 700 आणि बारीक विणीचा लोकरीचा 300, आणि उबेत फार फरक नाही कारण ऊब येते ती दोन कपड्यांच्या मधे हवा अडकते त्यातून. एक जाड घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ एकावर एक घातले की सकाळी अंगावर सगळं आणि अकरा वाजता एकेक काढून पिशवीत, हेच राजस्थानच्या हवेला बरोबर पडतं.

रंग ठरवा, कपडे नंतर

माझं सगळं पॅकिंग या एका गोष्टीवर उभं आहे. कपाट उघडून "हा घेऊ, तो पण घेऊ" सुरू केलं की संपलं. आधी तीन रंग ठरवायचे, दोन मुख्य आणि एक उठाव देणारा, आणि या तिघांत न बसणारा कपडा कितीही आवडता असला तरी घरी. मी राजस्थानला नीळ, ऑफव्हाइट आणि हळदी असे घेते, आणि ते तिथली शहरं डोळ्यासमोर ठेवून.

म्हणजे कसं, जोधपूरच्या जुन्या भागात निळ्या रंगाची घरं आणि वर मेहरानगड किल्ल्याचा तांबूस दगड, तिथे हळदी रंग असा काही उठून दिसतो की विचारू नका. जैसलमेर अख्खं पिवळ्या दगडाचं, तिथे तोच हळदी कुर्ता घातला तर भिंतीत मिसळून जातो, तिथे गडद नीळ घालायची. आणि जयपूरचा तो गेरूसारखा गुलाबी, 1876 ला इंग्लंडचा राजपुत्र येणार म्हणून शहर त्या रंगात रंगवलं होतं, त्याच्यापुढे ऑफव्हाइट आणि निळा दोन्ही शांत दिसतात. तीनच रंग पण प्रत्येक शहरात वेगळा पुढे येतो, त्यामुळे दहा दिवस तेच कपडे घातलेत असं फोटोत वाटतच नाही. कोकणात किंवा केरळात गेलात तर मागे सगळं हिरवं असणार, तिथे हेच गणित वेगळं मांडा, पांढरा, गेरू, कुंकवाचा लाल असं काहीतरी.

एक सांगायचं राहिलं, निळीत रंगवलेला कपडा नवीन असेल तर घरी दोन-तीनदा वेगळा धुऊन घ्या. खरी नीळ घासली की सुटते, ऑफव्हाइट कुर्त्याला आणि खांद्यावरच्या पिशवीला डाग पडतो.

तर बॅगेत काय

दोन कुर्ते, एक हळदी एक ऑफव्हाइट, सुती, 250 ग्रॅमचा एकेक. एक लांब शर्ट निळ्या अजरखचा, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाचा. लिननची ऑफव्हाइट पँट, एक काळी जाड लेगिंग. दोन थर्मल टॉप, त्यातला एक गडद निळा आणि चांगल्या गळ्याचा, का ते पुढे सांगते. बारीक लोकरीचा स्वेटर. एक साडी. एक हळदी ओढणी. आतले कपडे चार दिवसांचे, रात्रीचा एक जोड. कोल्हापुरी चपला. बाकी औषधं, चार्जर, साबण वगैरे किलोभर आणि दागिन्यांची छोटी डबी. सगळं मिळून बॅगेसकट पावणेसहा किलोच्या आत बसलं, म्हणजे सव्वा किलो खरेदीला मोकळं.

प्रवासात अंगावर: जीन्स, बूट, एक काळी कुर्ती, जाकीट आणि वरून शाल. जे जे जड ते ते अंगावर, विमानात एसीचं गारठतंच त्यामुळे जास्तही होत नाही. आता मोजा, वरचे चार आणि खालचे तीन, झाले बारा जोड, शिवाय साडी वेगळी आणि ओढणीने होणारे फरक वेगळे. काळी कुर्ती तीन रंगांत कुठे आली असं विचाराल, तर काळा सगळ्यांत चालतो म्हणून मी तो मोजत नाही.

साडी का नेते यावर थोडं

सगळे म्हणतात फिरायला जाताना साडी कशाला. माझं उलट मत आहे, साडीइतकं कमी जागेत मावणारं आणि इतकं भारी दिसणारं दुसरं काही नाही, फक्त साडी हलकी हवी. पैठणी घरी ठेवा, काठ-पदराच्या जरीने ती जड होते आणि घडीवर चिरायचीही भीती. मी माहेश्वरी नेते. नर्मदेकाठच्या महेश्वरला अहिल्यादेवी होळकरांनी विणकरांना आसरा दिला आणि तिथे हे काम वाढलं, आपल्या चौंडीच्या लेकीचं हे देणं अंगावर घालताना मला मनापासून छान वाटतं. रेशीम-सुताची असल्यामुळे माझी 400 ग्रॅम भरते, चुरगळत कमी, आणि माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी चालेल असा विणलेला असतो, त्यामुळे उलटसुलट कशीही नेसा.

परकर नेत नाही. काळी लेगिंग घालायची, कमरेला कापडी नाडी घट्ट बांधायची आणि निऱ्या त्यात खोचायच्या. लेगिंगमुळे पायही गार पडत नाहीत. ब्लाऊजही नेत नाही, तो निळा थर्मल आहे ना चांगल्या गळ्याचा, तोच ब्लाऊज. लांब बाह्या, वर गळ्यालगत ठुशी, एवढं पुरे. जोधपूरला गच्चीवरच्या हॉटेलात रात्री मेहरानगड समोर दिव्यांनी उजळलेला आणि आपण साडीवर शाल घेऊन बसलेलो, कुडकुडत नाही बरं का.

ठुशी नेताना इमिटेशनचीच न्या, खरं सोनं प्रवासात जिवाला घोर. एक ठुशी, एक चांदीचे ऑक्सिडाइज्ड झुमके, एक मोठी अंगठी, बस. साध्या ऑफव्हाइट कुर्त्यावर ठुशी घातली की तोच कुर्ता वेगळा वाटतो.

पायात काय

दोनच जोड, बूट पायात आणि कोल्हापुरी बॅगेत. कोल्हापुरी जीन्सवर, कुर्त्यावर, साडीवर, कशावरही जाते आणि राजस्थानात पाऊस नाही त्यामुळे भिजायची चिंता नाही, तिला पाण्याचंच वावडं. पण नवी कोरी नेऊ नका, घरी पंधरा दिवस वापरून, करकर थांबली, अंगठ्याला बसली की मग न्या. सम गावच्या वाळूत, जैसलमेरपासून 40 किलोमीटरवर आहे ते, जाळीच्या बुटात वाळू शिरते आणि मग दोन दिवस निघत राहते, चपला असल्या की झटकल्या झालं. फक्त सूर्य बुडाला की वाळू पटकन गार पडते, तेव्हा पिशवीत मोजे ठेवा. उंटावर बसायचं असेल त्या दिवशी पँट किंवा जीन्सच घाला, साडी किंवा घेरदार काही नको.

आणि एक महत्त्वाचं, जैसलमेर किल्ल्यातल्या जैन मंदिरांत चामड्याची वस्तू आत नेऊ देत नाहीत. चपला तर बाहेर काढतोच आपण पण पुरुषांचा पट्टा, पाकीट, आपली पर्स हेही बाहेर ठेवावं लागतं. म्हणून मी कापडाची आडवी पिशवी वापरते, आणि नवऱ्याच्या पँटला नाडी किंवा कापडी पट्टा.

भरायचं कसं आणि धुवायचं कसं

सुती कपड्यांची घट्ट वळकटी करा, जुन्या लोकांची गादीची वळकटी असायची तशी, आधी हाताने सुरकुत्या काढून मग गुंडाळायचं. साडीची वळकटी नको, तिची घडी करून जुन्या मलमलच्या तुकड्यात गुंडाळून सगळ्यात वर. मोजे चपलांच्या बाजूच्या फटीत.

चार दिवसांचे आतले कपडे दहा दिवस पुरवायचे म्हणजे धुणं आलंच. रात्री धुवा, पिळा, मग कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळा आणि जोरात दाबा, पाणी टॉवेल ओढून घेतो. तिथली हवा कोरडी त्यामुळे सुती कुर्ता दुपारपर्यंत वाळतोच, बहुतेक वेळा सकाळीच. पावसाळ्यात कोकणात हे अजिबात चालणार नाही, तिथे एखादा जोड जास्त न्या. इस्त्रीसाठी माझ्या आजीचीच पद्धत, किंचित दमट असताना नीट घडी घालून रात्री गादीखाली. सकाळी कडक नाही पण नीटनेटका कुर्ता मिळतो.

क्रीमच्या चार बाटल्यांऐवजी एक छोटी डबी खोबरेल तेल. साधारण 24 डिग्रीच्या खाली ते गोठतं, त्यामुळे तिथल्या थंडीत बॅगेत सांडत नाही, आणि केस, टाचा, ओठ सगळ्याला तेच. तिकडे अंग फार फुटतं, रात्री लावून झोपा.

पुरुषांसाठी

यांचं सोपं आहे. जीन्स आणि जाकीट अंगावर, बॅगेत एक सुती पँट, दोन शर्ट, एक ऑफव्हाइट कुर्ता, दोन थर्मल, एक बारीक स्वेटर आणि एक बंडी. बंडी मात्र सोडू नका, शर्टावर घातली तर दिवसा चालते, कुर्त्यावर घातली की रात्रीच्या जेवणाला तयार, वर छातीला ऊब. रंग बायकोच्या तीन रंगांतलेच ठेवा, एकसारखे कपडे नकोत पण एकत्र फोटो सुंदर येतात आणि शालही आलटून पालटून वापरता येते.

खरेदी शेवटी

प्रवासाचा क्रम असा ठेवा की जयपूर शेवटी येईल. मुंबईहून आधी जोधपूर, तिथून जैसलमेर, मग रात्रीच्या ट्रेनने जयपूर आणि तिथून घरी. कारण जयपूरजवळच्या सांगानेर आणि बगरूच्या ठशांच्या छापाचं कापड बघून हात आवरत नाही, आणि पहिल्याच दिवशी घेतलं तर पुढचे नऊ दिवस ते पाठीवर. मोकळ्या सव्वा किलोत कुर्त्याचे तीन-चार कापडं सहज बसतात, मी शिवलेलं घेत नाही, कापड घेऊन इकडे आपल्या शिंप्याकडे मापाने शिवून घेते.

मोजडी घ्यायची तर जोधपूरलाच घ्या आणि लगेच वापरायला काढा. जुन्या पद्धतीच्या मोजडीला डावा-उजवा नसतो, घालून घालून ती आपल्या पायाची होते, पहिले दोन दिवस टाचेला चावते, आतून खोबरेल लावा आणि संध्याकाळी तास-दीड तासच घाला. परतताना बूट पायात, मोजडीच्या आत मोजे, आणि मळके कपडे जुन्या ओढणीत बांधून त्याचं बोचकं बॅगेच्या तळाला. नवं कापड त्याच्यावर.