आईला पिशवीच्या तोंडाच्या तपासणीला नेताय? आधी हे लिहून काढा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं आईला नाहीतर सासूबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेणार असाल तर घरीच एका कागदावर सगळं लिहून घ्या, कारण ओपीडीच्या गर्दीत बायका अर्धं सांगतात नि अर्धं गिळतात.

खरं वय लिहा, आधारवरचं नव्हे. लग्न कितव्या वर्षी झालं, बाळंतपणं किती, मिश्री-बिडीची सवय हाय का. ह्या पंचायती कशाला असं वाटतं, पण हा कॅन्सर जवळजवळ सगळ्या केसेसमध्ये एचपीव्ही व्हायरसनं होतो (त्यात 16 आणि 18 हे दोन प्रकार मिळून साधारण 70 टक्के), हा व्हायरस शरीरसंबंधातनं येतो आणि काही जणींच्यात वर्षानुवर्षं आत राहतो. कमी वयात लग्न, जास्त बाळंतपणं, धूम्रपान, एचआयव्ही असलं की धोका वाढतो. एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही होतो हं, उगाच चारित्र्यावर जाऊ नका.

आता मेन गोष्ट. "काय त्रास हाय?" विचारलं की "काय नाही गं" म्हणून मोकळ्या होतात. म्हणून नेमकं विचारा, संबंधानंतर रक्त जातं का, दोन पाळ्यांच्या मधी डाग पडतो का, पांढरं जातंय त्याला वास येतो का, आणि कधीपासनं. म्हाताऱ्या बायका तर "पाळी परत आली बघ" म्हणून सांगतात, कपडा गपचूप धुऊन टाकतात नि महिने काढतात. पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की थेंबभर रक्त आलं तरी ती पाळी नव्हे, लगेच दाखवायचं. कॅन्सरच असेल असं नाही, पण घरात बसून कळणार नाही ना.

काही त्रास नसला तरी 30 ते 65 वयात दर 5 वर्षांनी तपासणी करायची असते. सरकारी दवाखान्यात व्हीआयए करतात का आशाताईंना विचारा, पिशवीच्या तोंडाला पातळ अॅसिटिक अॅसिड लावून मिनिटभरानं पांढरा डाग उठतो का बघतात, बस. रक्त जात असेल तर मात्र तेवढ्यावर थांबू नका, डॉक्टर तुकडा काढून बायोप्सीला पाठवतील.

रिपोर्टात कॅन्सर निघाला तर स्टेज विचारून घ्या. लवकर सापडला तर ऑपरेशननं भागू शकतं, आजूबाजूला पसरला असेल तर रेडिएशन आणि त्याच्या जोडीला बहुतेक सिस्प्लॅटिन ह्या औषधाची किमो. रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड बरोबर ठेवा, आणि मिरज-कोल्हापूरला न्यायचं ठरलं तर आपलं कर्नाटकातलं कार्ड तिथं चालतं का ते आधी फोन करून विचारा. संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये असला तर वाचून सांगणारं कोणतरी घेऊन जा, न वाचता अंगठा लावायचा नाही.