घसाऱ्यावरच्या वनस्पती शिकताना

उंच पर्वतातल्या स्क्रीवरचा, म्हणजे सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरचा, माझा पहिला प्लॉट, म्हणजे वनस्पतींच्या नोंदीसाठी आखलेला चौकोन, पाच बाय पाच मीटरचा होता. दोरी ताणून झाल्यावर मी नजरेनं अंदाज घेतला आणि वहीत वनस्पतींचं आच्छादन, म्हणजे त्यांनी झाकलेली जमीन, १० टक्के असं लिहिलं. सोबतच्या अनुभवी ताईंनी ५० सेंटिमीटर बाजू असलेला पुठ्ठ्याचा चौकोन हातात ठेवला. तेवढी जागा म्हणजे त्या प्लॉटचा बरोबर १ टक्का. प्लॉटमधली सगळी रोपं मनातल्या मनात त्यात मांडून पाहिली, तरी तो भरेना.

करड्या दगडांत हिरवं दिसलं की नजर तिथेच खिळते आणि आकडा फुगतो. तेव्हा असा चौकोन कायम जवळ ठेवा. प्रत्येक जातीचं आच्छादन ठरावीक खुणांनी नोंदवण्याच्या ब्राउन-ब्लांके पद्धतीत ५ टक्क्यांखालच्या आच्छादनासाठी वेगळ्या खुणा आहेत, आणि त्यातल्या काही रोपांच्या संख्येवर ठरतात. घसाऱ्यावर बहुतेक जाती इथेच येतात, म्हणून एकेक रोप मोजायला कंटाळू नका.

पण मोजण्याच्याही आधी दगड बघा. दगड केवढे आहेत, पायाखाली सरकतात का, खाली बारीक माती आहे का, खडक चुन्याचा की सिलिकायुक्त? या प्रश्नांची उत्तरं कळली की कोणती वनस्पती भेटेल याचा बराच अंदाज येतो. आल्प्समध्ये नोक्केया रोटुंडिफोलिया चुनखडीच्या घसाऱ्यावर सापडते, तर अँड्रोसेस अल्पिना सिलिकायुक्त खडकाच्या. वरून रखरखीत दिसणाऱ्या दगडांखाली ओल असते, कारण वरचा थर झाकणासारखा काम करतो आणि खालचं पाणी सहज उडून जात नाही. पाण्यापेक्षा इथे जास्त छळते ती दगडांची हालचाल. सुटे दगड साधारण ३० ते ३७ अंशांच्या उतारावर जेमतेम तोल सांभाळून असतात.

या हालचालीला वनस्पती कशा तोंड देतात, यावरून स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल श्रोटर यांनी त्यांचे गट पाडले होते. नवख्यांनी जातींची नावं पाठ करण्याआधी हे गट शिकावेत असं मला मनापासून वाटतं. काही वनस्पती दगडांमधून लांब फांद्या पसरत घसाऱ्याबरोबर सरकतात, नोक्केया त्यातलीच. लिनारिया अल्पिना दगडांवरून लोळत जाते. काही जाती पुरल्या गेल्या तरी खोड लांबवून पुन्हा वर येतात. ड्रायस ऑक्टोपेटाला चटईसारखी पसरून दगड झाकते, आणि काही दाट झुबके वरून येणारे दगड अडवून धरतात. अशा झुबक्याच्या वरच्या बाजूला साठलेली माती पाहिली, तेव्हा मला हा उतार खऱ्या अर्थानं वाचता येऊ लागला. अनेक रोपांची मुळं तर रोपाच्या वरच्या बाजूला रुतलेली असतात आणि रोप दगडांसोबत खाली ओढलं गेलेलं असतं. हे पाहायला रोप उपटू नका. ओघळीच्या कडेला आपोआप उघडी पडलेली मुळं दिसतात.

फुलांचा हंगाम अगदी लहान असतो, म्हणून पानांवरून ओळखायची सवय लावा. ऑक्सिरिया डायगायनाचं मूत्रपिंडाच्या आकाराचं पान एकदा पाहिलं की विसरत नाही, आणि ही जाती आर्क्टिक, आल्प्स आणि हिमालय अशी तिन्हीकडे भेटते. सगळ्याच वनस्पती इतक्या सहज दिसत नाहीत. चीनच्या हेंगडुआन पर्वतांत फ्रिटिलारिया डेलावायीची रोपं दगडांच्या रंगात मिसळून जातात. जिथे माणसं तिचे कंद जास्त खणतात तिथे हा रंग अधिक बेमालूम असतो, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

उतारावर एकाच्या बरोबर खाली दुसऱ्यानं कधीही उभं राहू नये. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याकडे जातो. प्लॉटमध्ये पाय न घालता बाजूनं नोंदी घ्या आणि उचललेला दगड त्याच बाजूनं परत ठेवा.

प्लॉटच्या खुंट्या घसाऱ्यात ठोकल्या तर त्याही सरकतात. म्हणून शेजारच्या पक्क्या कातळावर खूण करून तिथून अंतर आणि दिशा लिहून ठेवा. परवानगी असेल तर दगडांवर रंगाची एक सरळ आडवी रेष मारा. माझी रेष वर्षभरानं मध्यभागी खाली झुकली होती, कडेचे दगड मात्र जागच्या जागी होते. त्या कडांपाशीच रोपं जास्त होती.