फॉर्म भरण्याआधी तीन रात्री जागून बघ

माझ्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी रात्रपाळीतच गेली असावीत. म्हणून ‘पोलिसात जाऊ का?’ असं विचारणाऱ्या मुलींना मी आधी पळायला नाही, जागायला सांगते. सुट्टीत सलग तीन रात्री जाग, दिवसा झोपायचा प्रयत्न कर आणि चौथ्या दिवशी कोणी उगाच वाद घालायला आलं की आपण कशा बोलतो ते बघ. चिडलीस तर बिघडत नाही, सगळेच चिडतात. आपण चिडलोय हे बोलताना आपल्याला कळलं का, एवढंच बघायचं.

पळण्याची तयारी निदान चार महिने आधी सुरू कर. बहुतेक जणी रोज तेवढंच अंतर त्याच वेगानं पळतात आणि वेळ कमी का होत नाही म्हणून रडकुंडीला येतात. आठवड्यातून एकदा थोडं अंतर जोरात पळ, चालत दम खा, पुन्हा जोरात. असे सहा-आठ फेरे. एक दिवस लांब, पण गप्पा मारता येतील इतकं सावकाश. उरलेले दिवस खांदे, पाठ आणि हाताची पकड, कारण आपण अडकतो तिथे. जमिनीवर जोर निघत नसतील तर टेबलाच्या कडेला हात टेकून काढ, मग हळूहळू खाली ये. नेटानं सराव करूनही धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. आणि पाळीच्या दिवसांत एकदा तरी घड्याळ लावून पळ. चाचणीची तारीख आपली तारीख विचारून ठरत नाही.

अंगात रग हवी, पण रोजचं काम तिच्यावर चालत नाही. 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांची चौकशी करणाऱ्या ख्रिस्टोफर आयोगालाही दिसलं होतं, की बळाचा गैरवापर करणाऱ्यांत महिला अधिकारी पुरुषांपेक्षा फारच कमी आहेत. मला यात नवल वाटलं नाही. आम्ही बोलून बघतो.

आणि लिहितो. याबद्दल कोणी सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका अहवालात ‘इसम नशेत होता’ असं लिहिलं. न्यायालयात बचावाच्या वकिलांनी एकच विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?” मला घाम फुटला. तोंडाला दारूचा वास होता, पाय लटपटत होते, स्वतःचं नाव सांगताना दोनदा अडखळला, हे सगळं मी पाहिलं होतं. कागदावर मात्र माझं मत उतरलं होतं. तेव्हा आजपासूनच सराव कर. रस्त्यावरचं एखादं भांडण बघितलंस की घरी येऊन वीस ओळी लिही: किती वाजता, कुठे, कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. दुसऱ्या दिवशी वाचून ‘रागाने’, ‘मुद्दाम’, ‘संशयास्पद’ असले शब्द खोड आणि खाली काय उरतं ते बघ. माझ्या पहिल्यांदा चारच ओळी उरल्या होत्या.

अर्ज करण्याआधी नोकरीत असलेल्या दोघी-तिघींना भेट; एक नवी आणि एक पंधरा वर्षं काढलेली असावी. ‘नोकरी कशी आहे?’ असं विचारू नकोस, ‘बरी आहे’ म्हणतील. बंदोबस्ताला स्वच्छतागृहाची सोय काय असते ते विचार. चिलखती जाकीट बाईच्या मापाचं मिळतं का, विचार. पुरुषी मापाचं छातीवर दाबतं आणि गाडीत बसलं की गळ्याशी येतं. 1910 मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांत आलेल्या ॲलिस स्टेबिन्स वेल्स यांनी तर गणवेशही स्वतःच तयार केला होता, इतका हा मापाचा घोळ जुना आहे. गरोदरपणात गोळीबाराच्या सरावातून सूट मिळते का, हेही विचार, कारण तिथे शिशाची धूळ आणि आवाज दोन्ही असतात. वरिष्ठानंच त्रास दिला तर तक्रार कोणाकडे जाते? याचं उत्तर देताना समोरची किती वेळ थांबते, तेही मनात नोंदव.

घरच्यांशी बोलशील तेव्हा पगार आणि मान यांच्याआधी पाळ्यांचं वेळापत्रक समोर ठेव. सणाला तू घरी नसशील. तेव्हा घरचं कोण बघणार, त्याचं नाव त्यांच्याकडूनच वदवून घे.