टाळ ऐकू यायला हवेत? मग एमपीथ्री करताना या चुका टाळा

आमच्या आजोबांच्या भजनी मंडळाची एक कॅसेट होती. 2004 साली मी ती हौसेने कॉम्प्युटरवर उतरवली, 128 केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला 128 किलोबिटची) एमपीथ्री केली आणि न आवळलेली मूळ वेव्ह फाइल जागा खाते म्हणून उडवली. पुढच्याच पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागली. आज हेडफोन लावला की आजोबांचा गळा स्वच्छ ऐकू येतो, पण टाळांची नुसती सळसळ, पत्र्यावर वाळू सांडल्यासारखी.

मूळ फाइल उडवणं ही सगळ्यात महाग चूक. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला 1411 किलोबिट घेतो. 128 मध्ये तो अकरा पट आवळला जातो. मोठ्या आवाजाच्या आड दडलेले बारीक आवाज कानाला कळत नाहीत, या हिशेबावर एमपीथ्री ते गाळते. एकट्या गळ्याला हे खपून जातं. टाळ, चिपळ्या, टाळ्यांचा कडकडाट यांत मात्र वरच्या कंपनांची एवढी गर्दी असते की बिट पुरत नाहीत. तबल्याचंही तसंच: थाप पडायच्या किंचित आधीच तिचा धुरकट फराटा उमटू शकतो.

मग मी दुसरी चूक केली. त्याच फाइलची 320 केली! फाइल अडीच पट फुगली, गाळलेले टाळ काही परत आले नाहीत. उलट दुसऱ्यांदा आवळताना आणखी थोडं गेलं. कुणी 320 म्हणून फाइल दिली तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनांचं चित्र, उघडून बघा. 16 किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर ती बहुधा फुगवलेली 128 आहे. (जुन्या कॅसेटवर मुळातच वरचा आवाज कमी असतो, तिथे ही खूण फसवते.)

मूळ प्रत फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवा. तीत काहीच गळत नाही, तरी जागा साधारण निम्मीच लागते. प्लेअरसाठी दरवेळी तिच्यावरूनच नवी एमपीथ्री काढा. मोठ्या फाइलींनी बॅटरी संपते हे एके काळी खरं होतं. 2001 च्या पहिल्या आयपॉडमध्ये 5 जीबीची फिरती हार्ड डिस्क होती. पुढची गाणी 32 एमबी मेमरीत भरून घ्यायची आणि डिस्क थांबवायची, अशी त्याची युक्ती. फाइल मोठी असली की डिस्क पुन्हा पुन्हा फिरायची. आता फिरत्या डिस्कच्या जागी मेमरी चिप आली, ती सबबही गेली.

प्लेअरवर गाण्यांचा क्रम उलटसुलट होतो? साधे प्लेअर बऱ्याचदा नाव बघतच नाहीत, कार्डावर जी फाइल आधी पडली ती आधी वाजवतात. नावाआधी 01, 02 घाला आणि त्याच क्रमाने कॉपी करा.

मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. नावं रोमनमध्ये लिहा, वाद घालू नका. प्रश्नचिन्हं दिसली तर टॅग (फाइलीतच साठवलेली गाण्याची, गायकाची नावं) जतन करतानाच अक्षरं हरवली असण्याची शक्यता जास्त. टॅग भरायच्या प्रोग्राममध्ये आयडीथ्री 2.3 (टॅगचा प्रकार) आणि यूटीएफ-16 (देवनागरी साठवू शकणारी अक्षरपद्धत) निवडून नावं पुन्हा भरा.

64 जीबीचं नवं कार्ड जुना प्लेअर ओळखत नसेल तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कार्डावर फाइली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या: ते एक्सफॅटमध्ये येतं, जुन्या यंत्राला बहुतेकदा फॅट32 च कळतं. फॉरमॅट बदलून पाहा, पण त्याआधी कार्डावरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.