मिनी ट्रॅक्टरचा विमा: अर्ज भरण्याआधी शेडमध्ये एक चक्कर

विम्याच्या कागदावर ‘एक ट्रॅक्टर’ एवढंच असतं आणि शेडमध्ये त्याच्यामागे रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, गवत कापायचं यंत्र, लोडर, ट्रॉली अशी रांग उभी असते. विमा काढताना नेमकी ही रांगच विसरली जाते. म्हणून तयारी मागून सुरू करावी, म्हणजे अवजारांपासून.

वही, वायरब्रश, डिझेलचं फडकं आणि मोबाइल घेऊन शेडमध्ये जा. बहुतेक अवजारांवर कंपनीची छोटी पाटी असते, तिच्यावर मॉडेल आणि क्रमांक. वाळलेला चिखल आणि ग्रीस पुसल्याशिवाय ती दिसत नाही. माझ्या रोटाव्हेटरची पाटी तर मीच हौसेने लाल रंग फासताना बुजवली होती. नखाने खरवडत एकेक आकडा वर आला, पण शेवटचा तीन की आठ, हे शेवटपर्यंत ठरेना. जुनं बिल काढलं तेव्हा कळलं, आठ. पाटीचा फोटो जवळून घ्या, अवजाराचा लांबून. पाटीच नसेल, म्हणजे जुना घेतलेला नांगर किंवा वेल्डिंग करून घेतलेली सपाटीकरणाची फळी असेल, तर पंच मारून स्वतःची खूण ठोका आणि तिचा फोटो ठेवा. पीटीओ शाफ्टला, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद अवजाराला पोचवणाऱ्या दांड्याला, वहीत वेगळी ओळ द्या. तो सहज सुटा होतो आणि खांद्यावर टाकून नेता येतो.

ट्रॅक्टरचं काम त्यामानाने सोपं. चासी नंबर, इंजिन नंबर, चारही बाजूंचे फोटो, आणि अवरमीटरचा एक, तास स्पष्ट वाचता येतील असा. खरेदीचं बिल, सर्व्हिसच्या पावत्या. कर्ज अजून फिटायचं असेल तर कर्ज देणाऱ्याचं नाव पॉलिसीवर लागतं का, ते विचारून घ्या.

आता खरी गुंतागुंत. ‘घराचा विमा आहे ना, त्यातच येईल’ असं धरून चालू नका. अंगण-बागेची निगा राखायचं यंत्र म्हणून छोटा ट्रॅक्टर घराच्या पॉलिसीत कधीकधी बसतोही. पण तोच ट्रॅक्टर रस्त्यावर नेला किंवा भाडं घेऊन दुसऱ्याची जमीन नांगरून दिली, तर दावा अडू शकतो. वापर काय आहे ते अर्जात खरं लिहा. अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असताना संरक्षण आहे, पण सुटं करून शेडमध्ये ठेवलं तर? ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून दुसरीकडे नेताना? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. फोनवरचं ‘हो हो, येतं सगळं’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

रकमेचाही हिशेब आधी करा. भरपाई घसारा (वापराने उतरलेली किंमत) वजा करून मिळणार की तशीच नवी वस्तू घ्यायच्या किमतीने, यावर फरक मोठा पडतो. हप्ता वाचवायला रक्कम कमी लावायचा मोह होतोच. पण बऱ्याच पॉलिसींत प्रमाणाचा नियम असतो: 100 किमतीच्या मालाचा विमा 60 चाच काढला असेल, तर 20 च्या नुकसानीला 12 च मिळतात, त्यातूनही तुमची ठरलेली वजावट, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, जाते. वजावट मोठी घेतली की हप्ता उतरतो. तेवढा फटका स्वतः सोसता येणार असेल तरच घ्या.

तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं कलम वेगळं वाचा. गवत कापताना पात्याखालून उडालेला दगड शेजाऱ्याच्या गाडीची काच फोडू शकतो, आणि स्वतःच्या ट्रॅक्टरचा विमा असला म्हणजे त्या काचेचा असतोच असं नाही. झिजलेली पाती, जुनी सील, आपोआप बिघडलेला गिअर हे साधारणपणे नेहमीच्या पॉलिसीत येत नाही. त्यावर वाद घालत बसू नका.

चोरीबद्दल विमा कंपनी विचारणारच. एकाच कंपनीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना एकच किल्ली लागते, हे अनेक मालकांना माहीतच नसतं. नुसती किल्ली काढून भागत नाही. बॅटरी तोडायचा स्विच, साखळदंड आणि शेडला कुलूप हवं. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा, आणि सायलेन्सरजवळ अडकलेलं वाळकं गवत काढून टाका. आग तिथून लागते.

वहीच्या पानांचे फोटो काढून ते ईमेलवर स्वतःलाच पाठवा. शेड जळालं तर वहीही जाईल. मधेच नवं अवजार घेतलं तर ते नूतनीकरणापर्यंत थांबवू नका, त्याच आठवड्यात कळवून पॉलिसीत चढवून घ्या.